राखणीचा व्हिसा

परदेशात वाजवायला जाणाऱ्या माणसाला तिकडचं सरकार पुष्कळ प्रश्न विचारतं. पण खरा प्रश्न एकच असतो: परत जाणार ना? बाकीचे सगळे त्याच्या आजूबाजूला मांडलेल्या खुर्च्या. तुमच्या वाजवण्यात त्यांना रस असतो, पण तो वाजवून झाल्यावर तुम्ही निघून गेलात तरच.

हे मला नाजनीनच्या ऑफिसात बसून बसून कळलं. सोलापुरात विजापूर वेशीला चादरींच्या दुकानावर तिची खोली आहे. बाहेर पाटी 'पासपोर्ट, व्हिसा, उमरा, हज', आणि आत एक पंखा, जो फिरतो पण वारा देण्याचं बंधन स्वतःवर घेत नाही. निवृत्तीनंतर मी तिथं चहाला जातो आणि चहाच्या मोबदल्यात लोकांची इंग्रजी पत्रं लिहून देतो. माझ्या पत्रांनी आजवर कुणाचा व्हिसा गेलेला नाही, असं नाजनीन म्हणते. मिळालाय का, ते ती सांगत नाही.

एप्रिलच्या एका सकाळी मायाप्पा वर आला. मंगळवेढ्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून त्याची वाडी. तिथलं धनगरी ढोलाचं पथक त्याचं. अंगानं काटक, मिशा अंगापेक्षा भारी. हातातला फोन त्यानं नाजनीनपुढं धरला.

"ताई, परत बोलावलंय तितल्या लोकांनी. डोंगरातली जत्रा हाय बगा, तीच."

नाजनीननं वाचलं आणि फोन उलटा ठेवला. "भाई, तीच म्हणजे तीच?"

"तीच."

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्याकडं वकील फार आहेत.

तीन वर्षांपूर्वी हेच पथक त्याच जत्रेला गेलं होतं. तेव्हा म्होरक्या होता मायाप्पाचा थोरला भाऊ रुद्रप्पा. कार्यक्रम झाले, टाळ्या झाल्या, गोऱ्या लोकांनी ढोलाभोवती नाचून घेतलं. परतायच्या दिवशी सकाळी रुद्रप्पा ढोलासकट नाहीसा झाला. पोलीस आले, कुत्री आली, त्यांच्या साहेबांनी डोंगर पालथा घातला आणि शेवटी शेरा मारला की इसम शहरात पळाला असावा. गावातल्या लोकांनीही फार वेगळं काही म्हटलं नाही. कुणी त्याला हॉटेलात बशा विसळायला लावलं, कुणी त्याचं तिथल्या बाईशी लग्न लावून दिलं. मंडळींनी त्या बाईच्या केसांचा रंगसुद्धा ठरवला होता.

"तो पळाला न्हाय," मायाप्पा म्हणाला. "काका, तुमाला सांगतो. त्या गावामागं हिरवा डोंगर हाय. त्येच्यावर मेंढरं. पाठीवर निळा रंग फासलेली, लई गुबगुबीत. आणि राखाया कुणी न्हाय! दिस न्हाय, रात न्हाय, कुणीच न्हाय. आमी आटवडाभर बघतोय. रुद्रप्पाला जेवण गोड लागंना. म्हनायचा, ह्येंचा धनगर मेलाय का काय. दुसरं कुणी असंल तर ते फोटू काढतंय आन येतंय. धनगराच्यानं ऱ्हातंय व्हय?"

"म्हणजे तो मेंढरं राखायला गेला?" मी विचारलं.

"मला तर तसंच वाटतंय. तवा कुणाला सांगून पटंना. आता मला जाऊन बघाय पायजे. त्याला घिऊन यायचाय, बास."

नाजनीननं कपाळाला हात लावला. "अल्ला. वाजवण्याचा व्हिसा होता, भाई. राखणीचा नव्हता."

मग तिनं रस्ते सांगितले. पहिला पाहुण्यांचा: थोडे दिवस जा, ठरलेल्या जत्रेत वाजवा, इकडं तिकडं हात लावू नका. दुसरा कलावंताच्या तात्पुरत्या कामाचा: त्यात तिकडच्या यजमानानं लेखी हमी घ्यायची की ही मंडळी आमची, यांचं खाणं-राहणं-जाणं आमच्यावर. तिसऱ्यात नामांकित कलावंत असावं लागतं आणि ते सरकारला पटवावं लागतं.

"नामांकित हायच की आमी," मायाप्पा म्हणाला. "तीन वर्सं तितल्या पोलिसांत नाव हाय."

यजमान भले निघाले. त्यांनी हमी घेतली, म्हणून दुसऱ्या रस्त्यानं अर्ज गेला, सोबत पथकाच्या वाजवण्याचं चित्रण. आठवड्याभरात तिकडच्या अधिकारी बाईंनी पडद्यावर मुलाखत ठेवली. संगणकाच्या पडद्यात एक सडपातळ, नीटनेटकी बाई, मागं पांढरी भिंत. अगदी सभ्य. नाजनीन मध्ये बसून दुभाष्याचं काम करत होती आणि मी कडेला सुशिक्षित दिसत होतो.

"तुमच्यातला एक माणूस परत गेला नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही जाल याचा पुरावा काय?"

"उघडा गजर ठिवून येतो की," मायाप्पा म्हणाला.

नाजनीननं माझ्याकडं बघितलं. मी मायाप्पाकडं. मग त्यानं समजावलं, ते असं. पथकाचा म्होरक्या लांब निघाला की बिरोबाच्या देवळापुढं गजर होतो, म्हणजे सगळे ढोल-झांजा मिळून एक पुरा डाव वाजवायचा. पण शेवटची थाप म्होरक्याची असते आणि ती तो मारत नाही. टिपरू, म्हणजे ढोलावर मारायची काठी, वर नेतो, तसंच खाली घेतो आणि चालू लागतो. अर्धा राहिलेला गजर माणसाला ओढून आणतो. परतल्यावर उंबऱ्यात पाय टाकायच्या आधी त्यानं ती थाप मारायची, मग पाणी प्यायचं. ती थाप दुसऱ्या कुणी मारायची नाही. म्होरक्या मेला, तरच भावानं मारायची आणि तेराव्याला लागायचं.

"रुद्रप्पा यांनीही ठेवला होता?" बाईंनी विचारलं.

"व्हय."

"आणि ते परत आले?"

मायाप्पानं मिशीवरून हात फिरवला. "अजून न्हाय."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाल्या की तुम्ही पाठवलेलं चित्रण शेवटी कापल्यासारखं वाटतं, कृपया संपूर्ण कार्यक्रमाचं पाठवा. अपुऱ्या कार्यक्रमावर कलावंत म्हणून शिफारस करता येत नाही.

ते चित्रण कापलेलं नव्हतं. रुद्रप्पाचा गजर उघडा होता, म्हणून गेली तीन वर्षं हे पथक प्रत्येक ठिकाणी एक थाप कमीच वाजवत होतं. लग्न असो, मिरवणूक असो, टिपरू वर गेलं की सगळं थांबायचं आणि ऐकणाऱ्याचा पाय हवेत राहायचा. सोलापुरात लोकांना ती नवी ढब वाटली. दुसऱ्या एका पथकानं तिची नक्कलही केली.

"भाई, एक थाप मारून टाक ना," मुलाखत संपल्यावर नाजनीन म्हणाली. "एकच तर."

"मारली तर तो मेला," मायाप्पा म्हणाला.

"आणि नाही मारली तर?"

"तर मला जाता येत न्हाय."

भावाला आणायला जायचं तर आधी त्याला मारायला हवा होता. सरकारी कामात अशी पेचाची जागा पुष्कळदा येते, पण इतक्या स्वच्छपणे क्वचित.

पुढच्या रविवारी आम्ही वाडीवर गेलो. चित्रण नाजनीन स्वतः करणार होती, कारण पहिलं मायाप्पाच्या मेव्हण्यानं केलं होतं आणि त्यात मेव्हण्याचं बोट फार छान आलं होतं. दुपारचे बारा. ऊन असं की बाभळीची सावलीसुद्धा खोडाला धरून बसलेली. बिरोबाच्या देवळापुढं शहाबादी फरशी, अनवाणी पाय ठेवला तर चटका बसावा अशी. पायरीवर मायाप्पाची आई, निंगव्वा. तोंडावर सुरकुत्यांचं दाट विणकाम, कपाळाला भंडारा.

"आलं का सरकार?" तिनं मला विचारलं.

"मी सरकार नाही, आजी. मी नुसती पत्रं लिहितो."

"मग लिव की त्यास्नी. म्हनावं आमचं माणूस द्या."

मायाप्पा तिच्यापुढं उकिडवा बसला. "आये, थाप मारू का?"

"मार की. हात तुजा हाय." ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "मी आज बांगड्या उतरल्यावानी बसंन, बारा दिस रडंन, तेरावं घालीन. मग तू जा तिकडं. कुणाला आणाया चाललास, ते तूच ठरीव."

"व्हिसाबी मिळत न्हाय ग त्याच्याबिगर."

"मी कुटं न्हाय म्हनलं?"

मंडळी रिंगणात उभी राहिली. ढोल गळ्यात, झांजा हातात. मायाप्पाच्या उजव्या अंगाला एक जागा मोकळी ठेवलेली. ती रुद्रप्पाची. तीन वर्षं तिथं कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. झांजवालासुद्धा फेर घेताना वळसा घालून जायचा. नाजनीननं ओढणी डोक्यावर घेतली, फोन धरला. फोन तापून बंद पडू नये म्हणून मी त्याच्यावर छत्री धरली. माझ्या डोक्यावर कुणीच काही धरलं नाही.

गजर सुरू झाला. धनगरी ढोल कानानं ऐकायचा नसतो, तो बरगड्यांत वाजतो. आधी सावकाश, कळप उतारावरून चालल्यासारखा. मग झांजा चढल्या, ढोल चढले. मंडळींच्या अंगावर घामानं भंडाऱ्याचे ओघळ आले. चढत चढत तो डाव अशा जागी आला की आता फक्त एक थाप हवी.

मायाप्पाचं टिपरू वर गेलं.

सगळे थांबले. मायाप्पानं आईकडं पाहिलं. निंगव्वा समोर बघत होती, रिकाम्या जागेकडं. टिपरू वरच राहिलं.

आणि थाप पडली.

भरदार, ओल्या कातड्याची असावी तशी जड. माझ्या छत्रीच्या काड्या वाजल्या. देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली नाहीत, हे मला नंतर आठवलं. ती नुसती एका बाजूला सरकली, कुणाला तरी जागा दिल्यासारखी.

मायाप्पाचं टिपरू अजून हवेतच होतं.

"किसने मारा?" नाजनीन हळूच म्हणाली. घाबरली की ती मराठी सोडते.

झांजवाल्यानं आपल्या झांजा छातीशी धरल्या. मग एकानं बोट दाखवलं. मोकळ्या जागेतल्या फरशीवर ओल होती, ताटाएवढी. पाण्याची घागर तिथून लांब, देवळाच्या आत. मी खाली वाकलो. सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात, भर बाराला, ती ओल वाळत नव्हती, उलट कडेनं किंचित पसरत होती. तिला भिजल्या लोकरीचा वास येत होता.

निंगव्वा पायरीवरून उठली, घागर घेऊन आली आणि त्या ओलीशेजारी तांब्याभर पाणी ठेवलं. "पी बाबा," म्हणाली. "थाप मारलीस, आता पी."

नाजनीननं चित्रण तिथंच बघितलं. मीही बघितलं. रिंगण, मायाप्पाचं वर गेलेलं टिपरू, शेजारी रिकामी जागा, आणि थाप. आवाज स्वच्छ आला होता.

"पाठवू?"

"पाठवा," मायाप्पा म्हणाला. "मी न्हाय मारली. त्यात खोटं काय न्हाय."

तीन दिवसांनी बाई पुन्हा पडद्यावर आल्या. या वेळी चक्क हसत होत्या.

"तुमची अडचण दूर झाली," त्या म्हणाल्या. "पण ही गोष्ट तुम्ही आधीच का नाही कळवली?"

"कुठली गोष्ट?" नाजनीननं विचारलं.

"तुमचा माणूस परत आला आहे ही."

नाजनीननं ते मराठीत सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. मायाप्पाला तिच्या तोंडावर दिसलं.

"चित्रणात मायाप्पांच्या उजव्या बाजूला तेच आहेत ना?" बाई कागद चाळत म्हणाल्या. "आमच्याकडं त्यांचा फोटो आहे, ताडून पाहिला. शेवटचा ठोका त्यांनीच मारला. एकच शंका. आमच्या नोंदीप्रमाणे ते आमच्या देशातून बाहेर पडलेले नाहीत. कुठल्या मार्गानं आले?"

नाजनीन म्हणाली, "मॅडम, चौकशी करून कळवते." हे वाक्य ती झोपेतही म्हणू शकते, म्हणूनच त्या वेळी तिला म्हणता आलं.

"हरकत नाही, चूक आमच्या यंत्रणेचीही असेल." बाई थांबल्या. "त्या दिवशी तुमच्याकडं पाऊस होता का? बाकीचे सगळे घामानं भिजलेत, पण त्यांच्या घोंगडीतून पाणी निथळतंय."

खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाच्या तरी आईचा उद्धार करत होता. तो आवाज मला फार आवडला.

मायाप्पा पुढं सरकला. "ताई, बाईला इचारा, तो दिसतोय कसा? हसतोय का?"

नाजनीननं विचारलं. बाईंनी त्यांच्या पडद्याकडं नीट पाहिलं, अगदी कर्तव्य म्हणून. "नाही. कॅमेऱ्याकडं एकदाही बघत नाहीत. मान वळवून सारखे मागं पाहतायत. कुणीतरी मागं राहिल्यासारखे."

व्हिसा मंजूर झाला.

मायाप्पाला वाटलं होतं की आता जायचं कारण संपलं. आईला सांगायला तो वाडीवर गेला, तेव्हा मीही बरोबर होतो. फरशीवरची ओल तशीच होती. निंगव्वानं तिच्याभोवती भंडाऱ्याची रेघ ओढली होती आणि रोज सकाळी शेजारी भाकरी ठेवत होती. मायाप्पानं सगळं सांगितलं.

"मागं बगतोय म्हनली?"

"व्हय, आये."

"मग मेंढरं तितंच सोडून आलाय त्यो." तिनं मान हलवली, पोरानं शाळेत दप्तर विसरावं तशी. "जीव लागायचा न्हाय त्याचा. मायाप्पा, तू जा. मेंढरं कुणाच्या तरी हवाली कर, आन त्याला म्हनावं, झालं तुजं काम."

"मी तितनं आलो न्हाय तर?"

"गजर उगडा ठिवून जा की," निंगव्वा म्हणाली. "थोरला आला न्हवं?"

तसं त्यानं केलं. टिपरू वर नेलं, खाली घेतलं आणि मागं न बघता जीपमध्ये बसला.

जूनमध्ये एका दुपारी नाजनीनच्या फोनवर त्याचा चेहरा आला. मागं धुकं, बारीक पाऊस, अंगावर यजमानांनी दिलेला पिवळा रेनकोट. तो डोंगरावर होता.

"सापडलं," तो म्हणाला. "दगडाचा वाडगा हाय जुना, मेंढरं कोंडायचा. त्येच्या भिंतीखाली. ढोल हाय. घोंगडं हाय. बाकीचं पोलिसांनी नेलं, ताई." त्यानं घोंगडं उचलून फोनपुढं धरलं. "काका, घोंगडं कोरडं हाय. ठणठणीत. तीन वर्सं हितं पाऊस थांबला न्हाय म्हणत्यात आन हे कोरडं. उनात वाळवल्यावानी."

मग त्यानं फोन वळवला. वाडग्याभोवती मेंढरं गोल उभी होती, पाठीवर निळा रंग, तोंडं आतल्या बाजूला. एकही चरत नव्हतं. पलीकडं कुंपणाशी त्यांचा मालक, टोपी हातात धरून. यजमानांनी मध्ये पडून त्याचं बोलणं समजावलं होतं: तीन वर्षांत या उतारावर एक कोकरू कोल्ह्यानं नेलेलं नाही. आसपासच्या सगळ्यांची जातात. त्याला वाटत होतं, आपलं नशीब.

"मालकाला सांगितलंय," मायाप्पा म्हणाला, "आता तू स्वता राख. व्हय म्हनलाय. काय समजलंय देव जाणं." आणि मग डोंगराकडं तोंड करून त्यानं धनगर कळप हाकताना काढतात तशी हाळी दिली. मेंढरांनी माना फिरवल्या, पण त्याच्याकडं नाही. वाडग्यातून निघून उताराखाली जाणाऱ्या पायवाटेकडं. कुणी चालत गेल्यावर बघतात तशी ती हळूहळू बघत राहिली, आणि मग चरायला लागली.

मायाप्पा परत आला त्या दिवशी आम्ही देवळापुढं होतो. गळ्यात रुद्रप्पाचा ढोल, खांद्यावर ते घोंगडं. त्यानं घरात पाऊल टाकलं नाही, घोट पाणी घेतलं नाही. भावाच्याच ढोलावर टिपरू उचललं आणि आपल्या गजराची थाप मारली. फरशीवरची ओल कडेकडून आत आली आणि आम्ही बघत असताना वाळून गेली. भंडाऱ्याची रेघ तेवढी राहिली.

निंगव्वा खाली बसली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. तेरावं रीतसर झालं. आम्ही जेवून आलो.

विषय संपला असं नाजनीनला वाटलं होतं, पण तिकडंही एका खात्याचं दुसऱ्या खात्याशी बोलणं नसतं. परवा बाईंची मेल आली. पोलिसांच्या नोंदीप्रमाणे सदर इसम तीन वर्षांपूर्वी आमच्या देशात मरण पावला. व्हिसा विभागाच्या नोंदीप्रमाणे तो या एप्रिलमध्ये भारतात वाजवत होता. तरी तो कुठल्या मार्गानं परतला, याचा खुलासा करावा.

खुलासा अर्थात माझ्याकडं आला. मी दोन दिवस सभ्य इंग्रजी शोधत बसलो. शेवटी नाजनीननं वाडीवर फोन लावला आणि निंगव्वालाच विचारलं.

"आजी, ते विचारतायत, रुद्रप्पा कसा आला?"

पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता.

"कसा म्हंजे?" निंगव्वा म्हणाली. "लिवा, चालत आला. धनगर दुसरं कसं येतंय?"

तेवढंच लिहून पाठवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.